पिवळा झेंडा उतरेपर्यंत

देवरावांना लटारू खरं म्हणजे फारसा ठाऊक नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते नागभीड सोडून ब्रह्मपुरीजवळच्या या गावात, बायकोच्या माहेरच्या घरात राहायला आले, त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत लटारूशी त्यांचं बोलणं म्हणजे रस्त्यात गाठ पडली की रामराम. तो ढिवर होता, गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि वैनगंगेत मासे धरायचा, डाव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं. एवढंच. बाकी जे कळलं ते तीन दुपारींत कळलं, आणि तेही सगळं कळलं असं देवराव कधी म्हणाले नाहीत.

एक गोष्ट मात्र गावात सर्वांना माहीत होती. लटारू एकदा समुद्रातून परदेशात जाऊन आला होता. गोव्याला होड्या दुरुस्त करायच्या जागी तो मजुरीला गेला होता. तिथं त्याचं दोर बांधणं पाहून एका निवृत्त कर्नलसाहेबांनी त्याला आपल्या शिडाच्या बोटीवर घेतलं, पासपोर्टही काढून दिला. दोन हजार दहा साली ते दोघं कोचीहून मालदीवला गेले. ती एकच फेरी. मग लटारू परत आला आणि पुन्हा बोडीत डोंगा घालू लागला. कोणी विचारलं तर बोट बिघडली, एवढं सांगायचा. पानठेल्यावरची माणसं त्याला कप्तान म्हणून चिडवायची, आज बोडीत लाटा किती उठल्या ते विचारायची. तो डावा कान त्यांच्याकडे करून निघून जायचा.

मार्चमधल्या एका दुपारी तो पळसाच्या पानात दोन मरळ आणि एक कोरी वही घेऊन देवरावांच्या ओट्यावर आला. त्याची मुलगी रंजीता नागपूरला शिडाच्या होड्या चालवायला शिकली होती, पुढे गोव्यात तेच शिकवू लागली होती. आता कोचीच्या एका डॉक्टरीणबाईंच्या बोटीवर ती श्रीलंकेला निघाली होती. एप्रिलमध्ये जायचं होतं. परक्या देशात बोट नेताना काय काय सांभाळायचं ते लटारूला तिला लिहून पाठवायचं होतं, आणि त्याला लिहिता येत नव्हतं.

देवरावांनी चाचरत विचारलं, की फोनवरच सांगितलं तर?

"फोनवर मी जेवली का म्हनतो आन् फोन तिच्या मायले देतो," लटारू म्हणाला. "कागद रायते, भाऊ."

मासे त्यानं देवरावांच्या हातात दिले. बायको सत्यशीलाबाई गेल्यापासून त्या घरात मासे शिजले नव्हते. ते सांगायला हवं होतं, पण देवरावांना ते जमलं नाही. लटारू गेल्यावर त्यांनी ते पान शेजारच्या गुणाबाईंकडे दिलं. पुढच्या दोन्ही वेळी तसंच झालं.

पहिल्या दुपारी कागदपत्रांचं लिहून झालं. निघताना आपल्या बंदराचा सुटकेचा कागद घ्यायचा. तो नसेल तर पुढचं बंदर उभं करत नाही. बोटीवर जेवढी माणसं तेवढ्यांच्या नावांची यादी करायची, तिच्या सहा-सात प्रती ठेवायच्या, नावं पासपोर्टात आहेत तशीच अक्षर न् अक्षर लिहायची. बोटीच्या नावाचा रबरी शिक्का करून घ्यायचा, कारण शिक्का नसलेल्या कागदाला तिकडचा कारकूनही हात लावत नाही. औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवायची. आपली बाई डॉक्टरीण आहे म्हणून विसरायचं नाही. दारू असेल तर आपण होऊन दाखवायची. एखाद्याला मधूनच बोट सोडून विमानानं घरी जायचं झालं तर बोटीच्या मुख्य माणसाची चिठ्ठी आणि तिकीट लागतं. मनाला आलं म्हणून उतरून जाता येत नाही.

लटारू हे सगळं बोडीचं पाणी किती उतरलं ते सांगावं तशा आवाजात सांगत होता. देवराव लिहीत होते. पोस्टात त्यांनी लोकांची पत्रं पुष्कळ लिहून दिली होती. लिहिताना आपण तिथं नसल्यासारखं बसायची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दुपारी बंदरात शिरायचं आलं. अंधार पडायच्या आत पोचता येत नसेल तर बाहेरच थांबायचं. ऊन डोक्यावर असताना शिरायचं, तेव्हाच पाण्याखालचे खडक दिसतात. नांगर टाकला की पिवळा झेंडा चढवायचा. त्याचा अर्थ, आम्ही आलो आहोत, आम्हाला तपासा. तो वर असेपर्यंत कोणी काठावर पाय ठेवायचा नाही. अधिकारी बोटीवर येतील, कागद बघतील, मग पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा उजव्या बाजूला लावायचा.

तिसऱ्या दुपारी देवरावांनी सगळं वाचून दाखवलं. वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की पिवळ्या झेंड्याचं तीन ठिकाणी आलं आहे. ते एकदाच ठेवू का, असं त्यांनी विचारलं.

"तिनदाच असू द्या."

मग लटारू ओट्याच्या कडेची माती नखानं खरवडत बसला. आणि त्यानं सांगितलं. बोट बिघडली नव्हती. उत्तरेकडच्या एका बेटाजवळ त्यांनी नांगर टाकला, पिवळा झेंडा चढवला. दोन रात्री सुकाणूवर जागलेले कर्नलसाहेब आत जाऊन झोपले. काठावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता, मधूनमधून बोटीकडे बघत होता. ढिवरांची रीत अशी, की दुसऱ्या गावच्या बोडीवर गेलं तर आधी काठावर उतरून तिथल्या ढिवराला रामराम करायचा, जवळची पहिली मासळी त्याच्या हातात द्यायची, मगच पाण्यात राहायचं. काठाकडे तोंड करून नुसतं बसून राहणारा माणूस चोर नाहीतर मग्रूर. झेंड्याचं साहेबांनी सांगितलेलं लटारूला पाठ होतं. पण तो म्हातारा बघत होता. लटारूनं वाटेत गळाला लागलेला मासा घेतला, रबरी होडी वल्हवत काठावर गेला, हात जोडले आणि मासा दिला.

"घेतला त्यानं?" देवरावांनी विचारलं.

"घेतला. बिचारा हासला. मंग अधिकारी आले, त्यालेही बोलले."

बोट आठ दिवस तिथंच अडकवून ठेवली. लटारूला बोटीच्या बाहेर पाय ठेवायची बंदी. साहेब एका शब्दानं रागावले नाहीत, फक्त कोचीला परत आल्यावर दुसरा माणूस ठेवला.

"हे लिवू नका," लटारू म्हणाला. "रंजीता लहान होती तवा डोंग्यात माझ्यासंगंच राहे. कोनाच्याही बोडीवर गेलो का पहिली मासळी तिच्याच हातानं देवावो. पोरगी उतरनच, भाऊ. म्याच शिकवलं ना तिले."

देवरावांना कोणाला सल्ला द्यायची सवय नव्हती. वहीकडे बघतच ते म्हणाले, "नुसता नियम तर तुलेही माहीत होता."

गुणाबाईंच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, त्या गप्प झाल्या.

"लिवा मंग," तो म्हणाला. आणि शेवटच्या पानावर देवरावांनी तो सांगेल तसं लिहिलं: समुद्रातले लोक आपली रीत ओळखत नाही. पिवळा झेंडा उतरेपर्यंत रामराम बोटीतूनच करजो. मी खाली उतरलो होतो. बोट बिघडली नव्हती.

वही पोस्टानं कोचीला गेली. पोचल्याचा रंजीताचा फोन आला. ती त्याबद्दल काही बोलली नाही, लटारूनंही जेवली का विचारून फोन तिच्या आईला दिला.

एप्रिलच्या शेवटी बोडीच्या बांधावर लटारूच्या छातीत कळ आली. ब्रह्मपुरीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नदीवर देवराव इतरांबरोबर उभे राहिले. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्यांना वाटत होतं. त्यांचं लक्ष पुढच्या माणसाच्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याकडे जात राहिलं.

रंजीता तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी ती देवरावांच्या ओट्यावर येऊन बसली. वही तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. तिनं सपाट आवाजात सांगितलं, की श्रीलंकेला पोचून त्यांनी दुपारी नांगर टाकला आणि थोड्याच वेळात भाऊ दिनेशचा फोन आला. अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. बंदर समोर दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा वेळी कोणी काही म्हणणार नाही, मी नेते तुला काठावर. ती नाही म्हणाली. सकाळी अधिकारी आले, कागद पाहिले, झेंडा उतरला, मग चिठ्ठी, शिक्का, तिकीट. तोपर्यंत इकडे सगळं आटोपलं होतं.

"मी बसून राह्यली, काका," ती म्हणाली.

"हो," देवराव म्हणाले.

जाताना तिनं विचारलं, की बाबा तुमच्याशी शेवटचं काय बोलले. देवरावांना सांगायला संकोच वाटला, कारण ते काही सांगण्यासारखं नव्हतं. जायच्या दोन दिवस आधी लटारू पळसाचं पान घेऊन आला होता. बसला नाही. उन्हातच उभा राहून त्यानं मासे देवरावांच्या हातात दिले.

"याले काटे लय आहेत, भाऊ. पाहून खाजा."

"खातो," देवराव म्हणाले होते.