रस मीच पाजला होता

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, गोडाचं वेड होतं आणि मला त्या वेडाचा राग. त्यांना शुगर निघाली तेव्हापासून आर्वीच्या आमच्या घरात आम्हा दोघांचं तेवढं एकच भांडण चालायचं. गुळाचा डबा मी कुठेही दडवला तरी ते शोधून काढायचे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानातली जिलबी मी चारचौघांत उचलून घेतली होती. "सून नाई, पोलीस आणला घरात," असं ते आमच्या कापडाच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायचे. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटली की आमच्याकडे डॉक्टरचं नाव कोणी काढत नसे. रोहण्याच्या पुढच्या एका खेड्यात कावीळ उतरवणारे एक म्हातारे होते. आमचे हे दुकानात अडकलेले, म्हणून मीच मामाजींना एसटीनं घेऊन गेले. म्हाताऱ्यांनी मामाजींचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालेलं पाहून मी हात जोडले. मग पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही, दुसरं कोणतंही औषध नाही, आणि उसाचा रस भरपूर.

मामाजींनी तिथंच विचारलं, "पण मले तं शुगर आहे ना जी?"

म्हातारे बोलायच्या आत मीच बोलले. "आधी कावीळ जाऊ द्या, शुगरचं मग पाहू." दोन आजार एकाच अंगात एकमेकांना बळ देतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि मी स्वतःला घरातली सगळ्यांत शहाणी समजायची!

शुगरच्या गोळ्या मी कपाटात टाकून दिल्या. दुपारी स्टँडजवळच्या रसवंतीतून बरणी भरून आणायची, त्यात वरून ग्लुकोज घालायची. पहिला गिलास हातात दिला तेव्हा ते हरखून म्हणाले, "सूनबाई, आज तं पावली वं तू मले!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. इतके दिवस आमचं इतकं छान कधी जमलंच नव्हतं. ते दिवस मला आवडले होते, हेच आता सहन होत नाही.

मग त्यांचं पोट फुगलं, ताप हटेना, बोलता बोलता ते भलतंच बोलू लागले. आम्ही त्यांना गाडी करून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी दारूचं विचारलं. यांनी कानावर हात ठेवले, आमच्या घरात कोणी सुपारीही खात नसे. त्या म्हणाल्या, दारू न पिताही शुगर हळूहळू लिव्हर खराब करते. मामाजींचं लिव्हर आधीच कडक झालंय, त्यात शुगर अशी भडकलेली, म्हणून अंगात शिरलेला जंतू आवरत नाही. "इतकी वाढली कशी? काय देत होता खायला?"

मी सांगणारच होते. तेवढ्यात खाटेवरून मामाजी बोलले. त्या घडीला ते चांगले शुद्धीत होते.

"मीच चोरून रस पेत होतो, बाई. गोळ्याबी मीच सोडल्या. हिनं लय समजावलं, मी आयकलंच नाई."

हे भडकले. दुकानाच्या धबडग्यात घरात काय चाललंय याची यांना कधीच खबर नसायची. "बाबा, तुमच्या जिभेनं खाल्लं तुम्हाले! लहान लेकरू आहे काय तुम्ही?" सगळ्या वॉर्डासमोर हे बापावर ओरडले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. सकाळी मामाजी गेले.

आजही बापाचा विषय निघाला की हे तेच घेऊन बसतात. "शेवटचा शब्द माह्या तोंडून तो निंगाला," म्हणतात. मी पाण्याचा गिलास पुढे करते आणि म्हणते, "जाऊ द्या, तुम्हाले काय माहीत होतं."