ओट्यावरचं टोरंटो

लेकीने टोरंटोहून तिचा जुना फोन आईला पाठवला, पण तो तिथल्या कंपनीच्या कुलपात अडकलेला. इथलं सिम घेईना. मग आमच्या हिने तो ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला, घड्याळ म्हणून. त्यात अजून तिकडचीच वेळ चालू होती. सकाळी भाकरी थापताना ही त्याकडे बघून म्हणायची, "जागीच आहे अजून." तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून आली की, "उठली असेल."

काल लेकीने तिथल्या कंपनीकडून ते कुलूप काढून घेतलं. आज मी इथलं सिम घातलं. रेंज आली आणि बघता बघता रात्रीचे साडेदहा सकाळचे आठ झाले. मी खूश. ही मात्र पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"अहो, तिची वेळ गेली की."

"दोन्ही वेळा दिसतील अशी सोय असते त्यात. करून देतो," म्हणत मी चष्मा लावून बसलो. मनात आलं, फोनला आपलं गाव सोडायला एक क्षण पुरला. आणि परक्या गावची वेळ आमच्या घरात कशी मुरत गेली, लोणच्यासारखी, ते मात्र मला कळलंही नाही.

मी सोय शोधतच होतो. हिने शेवटची भाकरी तव्यावरून काढली.

"राहू द्या," ती म्हणाली. "ऊन ओट्यावर आलं. म्हणजे आता दिवा मालवून आडवी झाली असेल."