पायडलची गाठ आणि आमच्या डॉक्टरबाई

डॉ. वत्सलाबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मीही लिहावे, असा निरोप आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला शिंपी. काही चुकले तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

शिरपूरला बसस्टँडसमोर माझे दुकान आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाई तिथे पांढरा ॲपरन शिवायला आल्या. मी मशीनवर होतो. माप द्यायचे सोडून बाई पायडलवरच्या माझ्या अनवाणी पायाकडे पाहत राहिल्या. टाचेमागची माझी शीर जाड आणि गाठाळलेली आहे. आमच्या घरात तिला पायडलची गाठ म्हणत. अब्बांना होती, मोठ्या भावाला होती. ज्याची गाठ मोठी तो पक्का कारागीर, असे आम्ही अभिमानाने सांगायचो. बाईंनाही मी तेच सांगितले.

"घरातल्या बायाईलेही हाये काय?" बाईंनी विचारले.

माझी थोरली बहीण कधी मशीनवर बसली नाही. गाठ तिलाही होती. तसे मी सांगितले. मग अब्बा कितव्या वर्षी गेले, हे त्यांनी विचारले. अब्बा चव्वेचाळिसाव्या, भाऊ एकोणचाळिसाव्या. दोघेही छातीच्या कळेने. मला तेव्हा एक्केचाळिसावे चालू होते.

बाईंनी माझाच खडू घेऊन टेबलावरच्या काळ्या कापडावर चित्र काढले. चरबी रक्तात विरघळत नाही, ती प्रथिनाच्या वेष्टनातून फिरते. त्या वेष्टनाला प्रथिनाचेच एक बटण असते आणि लिव्हरला काज असतात. बटण काजात बसले की लिव्हर ती चरबी आत ओढून घेते.

"तुमच्या घरच्यांचे निम्मे काज जन्मापासून कापलेलेच नाहीत, मास्तर. मंग चरबी रक्तात फिरत राह्यते अन् नळ्याईले चिकटते. टाचेत तेच साचलं हाये."

ते कापड गिऱ्हाइकाचे होते. खडू झटकून मी त्याची पँट शिवली.

बाईंनी रोजची गोळी सुरू केली. किन्हीराजा, रिठद या गावांपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांची यादी माझ्याकडून लिहून घेतली आणि एकेकाचे रक्त तपासले. पण वर्षभराने मला बरे वाटू लागले आणि लोकांचे ऐकून मी गोळी सोडली. तेव्हापासून बाईंच्या ॲपरनचे बटण दर महिन्याला तुटू लागले. मी ते लावेपर्यंत त्या गोळ्यांची पट्टी मागत आणि किती उरल्या ते पाहत. रागावल्या कधीच नाहीत. मी गोळी पुन्हा सुरू केली, तरी बटण तुटतच राहिले. दोरा झिजून तुटला की कात्रीने कापला, हे शिंप्याला कळते. आजवर मी हे बोललो नव्हतो.

माझ्या मुलालाही हाच आजार आहे. त्यामुळे नात सनाला असण्याची शक्यता निम्मी, असे बाईंनी सांगितले होते. तरी मी दोन वर्षे तिची तपासणी टाळली. पोरीच्या जातीला उद्या कोणी नावे ठेवील, ही धास्ती. मागच्या वर्षी बाई स्वतः घरी येऊन बसल्या.

"पोरीच्या टाचेले गाठ यायची वाट पाहून राह्यले काय, मास्तर?"

मला रडू आवरले नाही. दुसऱ्या दिवशी मीच सनाला घेऊन गेलो. रिपोर्टमध्ये चरबी वाढलेली निघाली. रक्तवाहिन्यांचा धोका आणखी वाढवणारे दुसरे एक चिकट प्रथिन असते, ते मात्र वाढलेले नव्हते. अकरा वर्षांच्या सनाने बाईंना सरळ विचारले, "माह्येही काज कमी हायेत काय?"

"हायेत. तुह्या आजोबाचेही कमीच हायेत, अन् तो माणूस सत्तरीले टेकला."

आता सनाही रोज गोळी घेते.

या सोहळ्यासाठी मी बाईंना नवा ॲपरन शिवला आहे. बटणे चौपदरी दोऱ्याने पक्की लावली आहेत. तरीही दर महिन्याला त्यातले एखादे तुटावे, ते घेऊन बाईंनी आमच्या दुकानाची पायरी चढावी आणि सनाची पट्टी पाहावी. सना मोठी होऊन तिची लेकरे शाळेत जाईपर्यंत हे असेच चालावे, आणि तोवर बाईंचे हातपाय धडधाकट राहावेत, एवढेच मी रोज मागतो.