स्विचवरची अळिंबी

आमच्या फिनलंडमधल्या नगरपालिकेतला वेइयो गावभरच्या नेटवर्क-स्विचांची, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्यांची, नाडी एसएनएमपी या दुरून देखरेख करायच्या प्रोटोकॉलवरून, खुर्ची न सोडता बघतो. दर सप्टेंबरात वाचनालयातला स्विच तापल्याचा इशारा यायचा. शेवटी तो तणतणत तिथे गेला, तर ग्रंथपाल केर्त्तूबाईंनी स्विचवर रानातली अळिंबी वाळत घातलेली, हवेची भोकं बुजवून.

“बाई, हे यंत्र आहे, चूल नव्हे.”

“मग चुलीसारखं तापतं कशाला?”

वेइयो धुसफुसत परतला आणि त्याने इशाऱ्याची तापमान-मर्यादा गुपचूप वाढवली.

यंदा सप्टेंबर सरत आला तरी स्विच गारच. पडद्यावर सगळं ठीक होतं, पण वेइयोला चैन पडेना. त्याने फोन लावला.

“बाई, तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत. पाऊसच नाही, तर अळिंबी कुठली? म्हणजे तू दर वर्षी लक्ष ठेवून होतास तर.”

“स्विचवर,” वेइयो म्हणाला.