सोबत : एक बोर्डिंग पास

नवघरात 'आत्माराम घरत कुठे राहतात' असं विचारलंत तर लोक उलट विचारतील, कुठले आत्माराम? 'अर्जवाले घरत' म्हणालात तर रिक्षावाला थेट गेटपाशी आणून सोडेल. आपण मात्र त्याला नुसतं आत्मारामच म्हणू. माणसाच्या पोटात शिरायचं तर अहो-जाहो करून भागत नाही.

पालिकेत तेहतीस वर्षं तो आवक-जावकच्या टेबलावर बसला. लोकांचे अर्ज वाचून वाचून त्याला एक गोष्ट कळली होती : लोक रडतात फार आणि जोडत काहीच नाहीत. म्हणून निवृत्त झाल्यावर राहत्या बिल्डिंगखाली, वॉचमनच्या खोलीला लागून टेबल टाकून तो स्वतः अर्ज लिहायला बसला, तेव्हा त्याने एक शिस्त पाळली. आधी खालची 'सोबत' लिहायची, मग वरचा मजकूर. सोबत एक, सोबत दोन, सोबत तीन. प्रत्येक कागदावर लाल शाईने आकडा, डाव्या कोपऱ्यात टाचणी. पुरावा हातात नसताना मजकूर लिहिणं म्हणजे ताटात भात नसताना कालवण वाढणं, असं तो म्हणे. समोरच्या हंसाबेन पाण्याच्या तक्रारीसाठी "घरतभाई, एक अरजी लखी आपोने" म्हणत यायच्या आणि आठवड्यात नळाला पाणी यायचं. घरतांच्या हातचा अर्ज कागद अपुरे म्हणून परत आला, असं कधी झालं नव्हतं. आत्मारामला याचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर गर्व करावा असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

कारण बाकीचं सगळं जितेंद्रकडे होतं.

जितेंद्र त्याचा चुलत भाऊ, वयाने दीड महिन्याने धाकटा. दोघं एका बाकावर शिकले आणि एकाच आगरात मिठाच्या ढिगांवरून घसरत वाढले. पुढे बापांच्या वाटण्या झाल्या तेव्हा गावदेवीच्या देवळात चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्याचा मुलगा म्हणून पहिली चिठ्ठी आत्मारामने उचलली. त्याच्या वाट्याला खाडीकडचं आगर आलं, जितेंद्रच्या वाट्याला रस्त्याकडचं. खाडीकडच्या आगरात पुढे खारफुटीची तिवरं माजली आणि तिवरांना हात लावायचा नाही असा कायदा आला. रस्त्याकडच्या आगरावर सात मजली बिल्डिंग उभी राहिली आणि केबिन रोडवर जितेंद्रचं हार्डवेअरचं दुकान निघालं. बरं, कोणाला दोष द्यावा तर चिठ्ठी स्वतःच्याच हाताने उचललेली! त्या हाताकडे बघून आत्माराम चाळीस वर्षं जळत होता. जितेंद्रने गाडी घेतली, याला आम्लपित्त झालं. जितेंद्रची पूर्वी नावाची मुलगी शिकायला लंडनला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली, तेव्हा तर याने दोन दिवस जेवताना शब्द काढला नाही. बायको सुलू म्हणाली, "अहो, पोरगी आपलीबी हाय ना ती." त्यावर त्याने भाजीत मीठ नाही म्हणून ताट सारलं.

आणि मग आले ते पॉइंट.

जितेंद्र दुकानाचा सगळा माल क्रेडिट कार्डावर उचलायचा. पूर्वीने त्याला सांगितलं, बाबा, तुमच्या कार्डावर इतके पॉइंट साठलेत की तुम्ही आणि आई बिझनेस क्लासने लंडनला याल, तेही जवळजवळ फुकट. पाइप, नळ आणि खिळे विकत घेऊन माणूस विमानात आडवा झोपून जातो, ही गोष्ट आत्मारामच्या गळ्याखाली उतरेना. त्याने जन्मभर सगळं रोखीने घेतलं होतं. त्याला कोणी एक पॉइंट दिला नव्हता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. इथे तर ज्याला आधीच दोन होते त्याला देवाने चष्माही सोन्याचा दिला होता.

निघायच्या दिवशी भावकी देवळापाशी जमली. नवघरातून कोणी परदेशी निघालं की गावदेवीपुढे नारळ फोडून हार घालून पाठवतात. जितेंद्र हार घालून उभा होता, त्याची बायको शैला प्रत्येकीच्या पाया पडत होती, आणि सगळे त्या झोपायच्या खुर्चीबद्दलच विचारत होते. आत्मारामला ते सहन होईना. तो मोठ्याने म्हणाला, "फुकटच्या पॉइंटवर कोन बसवतो रं? रोखीचा गिऱ्हाईक आला का उठवतील तुला, जा मागं म्हनतील!"

लोक हसले. जितेंद्रही हसला, पण जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीच्या ग्रुपवर फोटो आला. ऐसपैस खुर्चीत जितेंद्र, पाय पुढे पसरलेले, शेजारी उशी, मागे गोल खिडकी. खाली लिहिलं होतं, 'गावदेवीची कृपा'. सत्तेचाळीस जणांनी हात जोडले. आत्मारामने अंगठासुद्धा उमटवला नाही. पण दिवसातून दहादा तो फोटो उघडून, बोटांनी मोठा करून त्याने पाहिला. खुर्चीची बटणं मोजली. जितेंद्रच्या तोंडावरचं ते तृप्त हसू पाहिलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीन आठवडे त्याने लोकांचे अर्ज लिहिले, पण मजकुरात जीव नव्हता.

जितेंद्र परत आला. चौथ्या दिवशी दुपारी, गेटपाशी कोणी नसताना, तो चॉकलेटचा डबा आणि एक फाइल घेऊन टेबलापाशी आला. इकडेतिकडे बघून खुर्ची जवळ ओढली.

"आत्मा, एक काम हाय. पन भावकीत कलता कामा न्हाय."

"बोल."

"मी त्या खुर्चीत बसलोच न्हाय."

आत्मारामने चष्मा काढला.

जितेंद्रने सगळं सांगितलं. जाताना विमानाच्या गेटवर पास लावला तर मशीन टिंग करून लाल झालं. तिथली बाई म्हणाली, बिझनेसमध्ये जागेपेक्षा तिकिटं जास्त गेलीत, तुमची पॉइंटवाली आहेत, तुम्हाला मागे बसावं लागेल. नाहीतर उद्याच्या विमानाने जा. तिकडे पूर्वी रजा टाकून वाट बघत होती. बाईने दोघांच्या पासवर चार नंबरच्या रांगेवर काट मारून एक्केचाळीस लिहिलं, खाली सही केली आणि सँडविचची दोन कुपनं दिली. मग नऊ तास संडासाच्या दारासमोर, मधल्या खुर्च्यांवर. परतीची तिकिटं तर आधीपासूनच मागची, साधी होती. शैलाचे गुडघे तेव्हा धरले ते अजून सुटले नव्हते.

"आनि तो फोटो?"

"आत शिरताना पुढचा भाग लागतो ना. एक खुर्ची रिकामी दिसली. शैलाला म्हटलं, काढ पटकन." जितेंद्र खाली बघत होता. "पूर्वीलाबी सांगितलं न्हाय. रडली असती पोर."

आत्मारामला काय झालं ते कसं सांगावं! तीन आठवडे पोटात बसलेला निखारा कोणीतरी चिमट्याने उचलून बाहेर टाकला. त्याने जितेंद्रला चहा मागवला, वर बिस्किटंही. फोटो पुन्हा उघडून पाहिला तर पायात बूट तसेच, उशी प्लास्टिकमध्ये बंद. तेहतीस वर्षं कागद तपासलेल्या माणसाला हे दिसू नये? जळणाऱ्याला धूरच दिसतो.

"घाबरू नको," तो प्रेमाने म्हणाला. "अर्ज करू."

जितेंद्र कोऱ्या कागदावर सही करून फाइल ठेवून गेला आणि आत्मारामने कामाला हात घातला. विमानांचे नियम छापून आणले, लाल शाईने खुणा केल्या. आणि वाचता वाचता तो निखारा परत पोटात येऊन बसला. कारण नियमात स्पष्ट होतं. सक्तीने उठवलं असेल तर भरपाई द्यावी लागते. नीट मांडलं तर जितेंद्रला पॉइंट परत मिळणार, वर आणखी मिळणार; पुढच्या वर्षी तो खरोखर त्या खुर्चीत आडवा होणार. म्हणजे या माणसाला उठवलं तरी फायदा! फुकटात मिळालेलं हिसकावून घेतलं तर त्याचीही भरपाई! आणि आत्मारामच्या तिवरांची भरपाई कोणी दिली होती?

शैलाचा पास लंडनलाच हरवला होता, त्यामुळे सगळा दावा एका कागदावर उभा होता. काट मारलेला, बाईच्या सहीचा तो बोर्डिंग पास. तो नसेल तर कंपनी म्हणणार, तुम्ही आपखुशीने मागे बसलात.

आत्मारामने शिस्तीप्रमाणे आधी सोबत लिहिली. सोबत एक : तिकिटाची प्रत. सोबत दोन : पॉइंट वजा झाल्याचा कागद. मग पेन थांबलं. टेबलावर पास पडला होता. त्याने तो उचलला, ड्रॉवर उघडला, हंसाबेनच्या जुन्या पोचपावत्यांखाली सरकवला आणि ड्रॉवर लावून टाकला. मजकूर मात्र त्याने फर्मास लिहिला. इतका फर्मास की कोणाला शंका येऊ नये. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह अर्ज गेला.

त्या संध्याकाळी सुलूने बोंबलाचं कालवण केलं होतं. त्याला चव लागली नाही, आणि यावेळी त्याने मिठाला दोष दिला नाही.

पाच आठवड्यांनी जितेंद्र उत्तर घेऊन आला. दुपारचीच वेळ. कागद त्याने टेबलावर आपटला.

"बघ यांची लबाडी! म्हनतात, सक्तीनं उठवल्याचा कोनताच पुरावा सोबत जोडलेला न्हाय. अरे, मी तुझ्या हातात दिला होता ना तो पास? यांनीच हरवला. शैला म्हनाली, आत्माभावजींकडून राहिला असंल. मी तिला तिथंच गप केली. म्हटलं, खाडी आटंल, पन आत्माच्या सोबतीत कागद कमी पडायचा न्हाय. आख्ख्या नवघरला माहीत हाय."

आत्माराम उत्तराचा कागद वाचत होता. वाचून झाला तरी वाचत होता. 'पुन्हा पाठवू, माझ्याकडे असेल कुठेतरी' एवढं म्हटलं की निभावलं असतं. जितेंद्र ते म्हणायची वाटही बघत होता. पण 'सोबत जोडलेले नाही' हे शब्द त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहिले होते. आपल्या अर्जावर ते वाचताना त्याला अंगावरचे कपडे उतरवल्यासारखी लाज वाटली.

त्याने ड्रॉवर उघडला. पावत्या बाजूला केल्या. पास काढून टेबलावर ठेवला.

जितेंद्रने पासाकडे पाहिलं, मग ड्रॉवरकडे.

"राहिला व्हय?" तो हळूच म्हणाला. "व्हतं असं. वय झालं आता."

"राहिला न्हाय," आत्माराम म्हणाला. "मी ठेवला."

आत्मारामला वाटलं, आता हा ओरडेल, भावकी गोळा करेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. जितेंद्रने पास उचलला, सरळ केला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"तो फोटो मी कोनासाठी काढला, सांगू?" तो म्हणाला. "देवलापाशी तू बोलला होतास, उठवतील म्हनून. त्या बाईनं जेव्हा काट मारली ना, तेव्हा मला माझे पॉइंट दिसले न्हाईत, शैलाचे गुडघे दिसले न्हाईत. तुझं तोंड दिसलं. म्हटलं, आत्मा खरा ठरला असं व्हायला नको. तू जलावंस म्हनून टाकला होता."

"जललो मी," आत्माराम म्हणाला.

"ठाऊक हाय. अंगठा न्हाय आला तुझा." जितेंद्र उठला. "मी पूर्वीला खरं सांगतो. ती लिहील आता."

"जितू, मी लिहितो. आत्ता लिहितो. तू बस."

"नको," जितेंद्र म्हणाला आणि गेला. त्याने आणलेला चॉकलेटचा डबा तेवढा टेबलावर राहिला. आत्माराम आता त्यात टाचण्या ठेवत असे.

त्यानंतर महिनाभर टेबलावर लोक येत होते. म्हणजे जितेंद्रने कोणाला काही सांगितलं नव्हतं. आत्माराम प्रत्येकाची सोबत दोनदा तपासायचा, पुन्हा टाचणी काढून तिसऱ्यांदा. कोणी 'घरतकाका, तुमच्या हातचं म्हणजे काळजीच नाही' म्हटलं की त्याची नजर ड्रॉवरकडे जायची.

एका रविवारी सकाळी ग्रुपवर जितेंद्रचा निरोप आला. त्याने सगळंच लिहिलं होतं. की जाताना आपल्याला मागे बसवलं होतं, की तो फोटो खोटा होता, की कंपनीशी भांडलो, आणि आता पॉइंटही परत मिळालेत आणि वर दोघांचं पुढच्या वर्षीचं तिकीटही. आधी हसण्याची चित्रं पडली, मग अभिनंदनं. मग दत्तारामकाकांनी विचारलं, 'एवढ्या मोठ्या कंपनीला वाकवलंस! अर्ज कोणी लिहिला?'

आत्माराम फोन हातात धरून बसला. वर 'लिहीत आहे' असं दिसत होतं, जितेंद्रच्या नावापुढे. ते बराच वेळ दिसत राहिलं.

मग उत्तर आलं : 'दुसरा कोण? आपला आत्माराम.'

"अगो बाई!" सुलू मागून वाचत होती. "बघा, तुमचं नाव लिवलं हाय. आनि तुम्ही मेले त्याच्यावर जलत बसता." ती समोर हंसाबेनना सांगायला धावली. ग्रुपवर हात जोडले जाऊ लागले, पन्नास, साठ, फोटोपेक्षा जास्त.

आत्मारामने ते चार शब्द पुन्हा पुन्हा वाचले. बोटांनी मोठे करून वाचले. त्यांना सोबत काहीच जोडलेलं नव्हतं, आणि तरी आख्ख्या भावकीने ते खरे मानले होते. जितूच्या आगराचा, दुकानाचा, खुर्चीचा हेवा त्याने आयुष्यभर केला होता. पण लिहिण्यात आपल्यापुढे जितू कोण, ही खात्री त्याला शाळेपासून होती. त्या सकाळी त्याला जितूच्या लिहिण्याचाही हेवा वाटला.