झाडं उपटणारा माणूस

त्या शहरात सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना रोज रागवायला एक हक्काचा माणूस होता, आणि तो म्हणजे टेकडीवरचा राखणदार. उजाडलं की हा गृहस्थ कंबरेत वाकून टेकडीभर फिरायचा आणि दिसेल ते रोप मुळासकट उपटायचा. गवताला बोट लावायचा नाही, पण झाडाचं वीतभर पोर वर डोकावलं की त्याचं झालंच. कुंपणापलीकडून लोक ओरडायचे, "अहो, लाज नाही वाटत? जग झाडं लावतंय आणि तुम्ही उपटताय!" तो नुसती मान डोलवायचा. त्याच्या बायकोचं म्हणणं असं की, ह्यांना उत्तर सुचतं, पण दुसऱ्या दिवशी.

उत्तर खरं तर अगदी सोपं होतं. ती टेकडी निसर्गानं घडवलेली नव्हतीच, ती शहरानं घडवली होती. अठ्ठावीस वर्षं गावभरचा कचरा तिथं येऊन पडला: फाटक्या गाद्या, फुटक्या बादल्या, औषधांच्या बाटल्या, मुलांची मोडकी खेळणी. त्यातली एकवीस वर्षं कचऱ्याचा ट्रक ह्याच माणसानं चालवला. ढीग सात मजल्यांइतका झाला तेव्हा कुठं शहराला जाग आली. वर कमरेइतका जाड चिकणमातीचा थर ठोकून बसवला, त्यावर गवत पेरलं आणि ड्रायव्हरला राखणदार केलं. मातीचं ते पांघरूण फाटू द्यायचं नाही, एवढंच काम. झाडाचं मूळ ते फाडतं, मग पावसाचं पाणी आत शिरतं आणि काळं होऊन खालच्या ओढ्यात उतरतं.

लोकांचं एक वेळ सोडा, पण त्याची लेकही त्याच्यावर नाराज होती. ती शाळेत बाई होती. लहानपणी वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसताना नाक दाबायच्या. बाप दोन-दोनदा साबण लावून आंघोळ करायचा, तरी ते थांबलं नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की ती सांगायची, "बाबा ऑफिसात असतात." बापाला ते ठाऊक होतं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, फक्त तिच्या शाळेच्या रस्त्यानं ट्रक न्यायचं बंद केलं.

एका संध्याकाळी चहा पिताना तिनं जाहीर केलं, "शनिवारी माझा सहावीचा वर्ग टेकडीवर येतोय. साठ रोपं लावायची आहेत."

"नाही चालायचं," तो म्हणाला.

"का?"

"मुळं खाली जातात."

"बाबा, मुळं खालीच जातात! वर गेली असती तर पेपरात आलं असतं."

आईला हसू आवरेना. लेक मात्र हसली नाही. "महापालिकेच्या नव्या साहेबांनी सही केलीय. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल ना?" आणि मग हळूच म्हणाली, "एकदाची झाकली जाऊ दे ती जागा. तिथं बघितलं की लोकांना झाडं दिसू देत."

तिला नेमकं काय झाकायचंय ते बापाला कळलं. तो कप धुवायला उठला. तिला पटेल अशी एक गोष्ट त्याच्याजवळ होती, पण ती त्यानं नऊ वर्षं बायकोपासूनही लपवून ठेवली होती. ती सांगितली तर लेकीच्या नजरेतून होता नव्हता तो मान जाणार, आणि न सांगितली तर साठ झाडं लागणार.

शनिवारी तीस मुलं दोन्ही हातांत रोपं घेऊन धापा टाकत वर आली. बाई पुढं होत्या. "हे इथले राखणदार काका," बापाकडे न बघता तिनं मुलांना सांगितलं. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं.

पहिली कुदळ उचलली गेली तेव्हा तो म्हणाला, "थांबा." आपल्या खोपटात गेला आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आला. आत मनगटाएवढं जाड, वाळलेलं मूळ होतं, आणि त्याच्या विळख्यात वर्तमानपत्राचा एक गठ्ठा.

"हे मी ठेवलेलं झाड," तो मुलांना म्हणाला, पण बोलत होता तो लेकीशीच. "खोपटापाशी सावली हवी होती. उन्हात बसून डोकं तापायचं. म्हटलं, एकानं काय होतंय? चांगलं वाढलं. एका पावसाळ्यात खालून काळं पाणी सुटलं. पुलापर्यंत ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगत होते. इंजिनिअर येऊन भोक शोधत बसले. मला माहीत होतं कुठंय ते. मी गुपचूप झाड तोडलं, मूळ खणून काढलं, खड्डा मातीनं बुजवला आणि तोंड बंद ठेवलं. ते मासे माझ्यामुळे मेले."

लेक बापाकडे टक लावून बघत होती.

एका मुलीनं वर्तमानपत्राची घडी उलगडली. सगळी अक्षरं शाबूत होती. साबणाच्या जाहिरातीतली बाई लालचुटूक ओठांनी हसत होती. मुलीनं तारीख मोठ्यानं वाचली आणि किंचाळली, "बाई, हा पेपर तर आमच्या जन्माच्याही आधीचा आहे!" बाईंनी मनात हिशोब केला. तेव्हा त्या स्वतः नववीत होत्या.

"कुजला कसा नाही, काका?"

"आत हवा नाही ना. काही कुजतं, तेही सावकाश. बाकी जसंच्या तसं पडून आहे." त्यानं पायाखाली बोट दाखवलं. "तुमच्या आईची पाटी असेल इथं. आजोबांचा तुटका चष्मा असेल. गावानं फेकलेला एकेक दिवस खाली रचून ठेवलाय."

तीसही मुलांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. एकानं तर हळूच एक पाय उचलला.

मग त्यानं सगळ्यांना गवतातून वर आलेल्या पाइपाशी नेलं. आत कचरा कुजून होणारा गॅस त्यातून बाहेर पडायचा. सकाळ गार होती. "बाहेरून हात लावा." पाइप कोमट होता. मुलं एकामागून एक हात लावत होती आणि पुन्हा लावायला रांगेत मागं जात होती. राखणदाराला स्वतःलाही चौदा वर्षांत त्याची सवय झाली नव्हती. रोज सकाळी तिथं हात ठेवल्याशिवाय तो कामाला लागायचा नाही.

"टेकडी जिवंत आहे?" एका मुलानं कुजबुजत विचारलं.

"वर्षाला चार बोटं खाली बसते. आपण टाकून मोकळे झालो, हिचं आत अजून चालूच आहे."

बाईंनी सगळ्यांत शेवटी हात ठेवला, आणि तो काढायला विसरल्या. "किती वर्षं राखायची ही?" त्यांनी विचारलं.

"ते कुणी सांगितलं नाही. माझ्यानंतर दुसरा येईल, त्याच्यानंतर तिसरा. झोप लागून चालायचं नाही एवढं खरं."

रोपं ओढ्याच्या काठी, कुंपणाबाहेर लावायचं ठरलं. रांग उतरायला लागली. राखणदार सवयीनं मागं राहून गवत न्याहाळत चालला होता आणि वाटेत दोन रोपं त्यानं उपटलीही. तेवढ्यात कुंपणापलीकडून फिरायला येणारे नेहमीचे एक गृहस्थ गरजले, "अहो, निदान लहान मुलांसमोर तरी लाज बाळगा!"

राखणदारानं मान डोलवली. बाई मात्र थांबल्या, दोन पावलं मागं आल्या आणि वाकल्या. गवतात लपलेलं एक कोवळं रोप त्यांनी मुळाशी धरून सावकाश ओढून काढलं आणि त्या गृहस्थांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"बाबा, हे एक राहिलं की तुमचं!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. राखणदारानं रोप हातात घेतलं. उत्तर त्याला दुसऱ्या दिवशीही सुचलं नाही.