भावोजींचा फायटर मासा

आमच्या भावोजींसारखा भांडता न येणारा माणूस अख्ख्या गोव्यात सापडायचा नाही, आणि याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला डिचोलीला, शिरगावच्या खाणीवर कारकुनी केलेली. मी पेडण्याच्या बाजारात नारळांची टोपली घेऊन बसलो तिथपासून बांधकाम सामानाचं दुकान उभं केलं, ते घासाघीस करून आणि वेळेला आवाज चढवून. भावोजी मात्र मासळीवालीलाच विचारणार, "ह्या भावात तुका परवडता मां गो बाय?" रस्त्यात कुत्रा झोपलेला असला तर स्कूटर बंद करून तो उठायची वाट बघणार. एकदा मी मागे बसलो होतो. पाव तासाने न राहवून कुत्र्यावर ओरडलो, तर म्हणाले, "हळू रे बाबल्या, तेची झोप मोडतली."

बहीण गेली आणि तिचं म्हणून घरात जिवंत असं एकच उरलं: काचेच्या लहान टाकीतला निळा फायटर मासा. त्याचं थोडं पाणी ती रोज बदलायची. भावोजींचे हात आता थरथरतात. तांब्याभर पाणी काढलं की अर्धं टेबलावर. म्हणून फिल्टर घ्यायचं ठरलं, आणि भाव करायला मला बरोबर नेलं. म्हापशाच्या दुकानदाराने स्पंजचा साधा फिल्टर पुढे केला. "या माशाला वाहतं पाणी सोसत नाही. पर लांब त्याचे, थकतो बिचारा. या स्पंजचे बुडबुडे हळू येतात." मला वाटलं, म्हातारं गिऱ्हाईक बघून पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. मी शेजारची मोठ्या फिल्टरची मोटर उचलली, अर्धा तास भांडलो आणि स्पंजच्याच भावात पदरात पाडून घेतली. भावोजी एवढंच म्हणाले, "हलकी आसती तर बरी, नाय रे?"

"त्याच पैशांत चौपट ताकद, भावोजी! तुम्ही गप्प बसा."

त्यांनी पिशवी पुढे केली.

आठवड्याने गेलो तर भावोजी टाकीशी स्टुलावर, हात मनगटापर्यंत पाण्यात. मोटरच्या धारेसमोर त्यांनी तळवा आडवा धरला होता आणि त्याच्या आडोशाला फाटक्या परांचा मासा दम खात होता. हात थरथरला की मासा टाकीभर भिरकावला जायचा.

"अहो, मग बंद करा की ती!"

"तू तिच्यासाठी इतको झगडलंस. बंद केली तर तुका वायट दिसतला. निजताना करतंय बंद, सकाळी परत लावतंय."

मी वायर उपटली. त्याच संध्याकाळी स्पंजचा फिल्टर आणून बसवला. बुडबुडे खरंच हळू येत होते. मासा तळाशीच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "बाबल्या, मासो गेलो रे." मग माझी समजूत काढल्यासारखं, "मोटर चांगली आसा हां तुझी. तिची काय चूक नाय."

चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तेवढं तरी भांडण मिळेल म्हणून हल्ली दर रविवारी डिचोलीला जातो. भावोजी चहा करतात. उंडो पाव फोडून त्यातला मऊ गर माझ्या बशीत ठेवतात, आणि पावाची ती कडक पाठ स्वतः चहात बुडवून, उरलेल्या दातांनी हळूहळू चावत बसतात.